दगडाला निधी, अक्षराला नकार

रायपूरहून बिलासपूरकडे निघाले की थोड्याच अंतरावर सिलतरा लागते. स्पंज आयर्न आणि पोलादाच्या कारखान्यांचा हा पट्टा छत्तीसगढच्या औद्योगिक प्रगतीसाठी जितका ओळखला जातो तितकाच काजळीसाठीही. हाच रस्ता पुढे बिलासपूर ओलांडून रतनपूरला नेतो. कलचुरींची ही जुनी राजधानी १७५८ ते १७८७ या काळात नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजींच्या कारभाराचे केंद्र होती. सिलतऱ्याच्या कारखान्यांतील नफ्याचा अल्पसा अंश रतनपूरचा इतिहास शोधण्यासाठी खर्च करता येईल काय? प्रश्न विचित्र वाटेल, पण त्याचे उत्तर कारखानदाराच्या मर्जीपेक्षा दिल्लीत ठरलेल्या एका यादीवर अधिक अवलंबून आहे.

ही यादी म्हणजे कंपनी कायदा, २०१३ ची सातवी अनुसूची. (राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीशी तिचा संबंध नाही.) ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावी, असे कलम १३५ सांगते. ती कशावर खर्चावी, हे अनुसूची सांगते. तिच्या पाचव्या बाबीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृतीचे रक्षण, ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती, सार्वजनिक ग्रंथालये आणि पारंपरिक कला व हस्तकला यांचा समावेश आहे. विद्यापीठीय संशोधनाला देणग्या देण्याची सोय नवव्या बाबीत आहे. २०१९ मध्ये सार्वजनिक विद्यापीठांचा उल्लेख तिथे आला आणि २०२० मध्ये तिचे शब्द पुन्हा बदलले. मात्र विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक एवढीच चौकट दोन्ही वेळा कायम राहिली. म्हणजे मंदिराचा ढासळलेला कठडा बांधायला कारखान्याला पैसे देता येतात, पण त्या मंदिराचा शिलालेख वाचणाऱ्या विद्यापीठ विभागाला ते कोणत्या बाबीखाली द्यावेत, याचे स्पष्ट उत्तर नाही. अस्पष्टतेच्या वाटेला कोणताही हिशेबनीस जात नाही.

छत्तीसगढच्या बाबतीत ही त्रुटी विशेष खटकते, कारण या प्रदेशाला स्वतःचा प्राचीन इतिहास कळला तो फार मोठ्या प्रमाणात मानव्यविद्येच्या प्राध्यापकांमुळे. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघेपर्यंत इथल्या उच्च शिक्षणाची सूत्रे नागपूर विद्यापीठाकडे होती. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकविणारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी रतनपूरच्या कलचुरींचे ताम्रपट आणि शिलालेख संपादित केले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा संग्रह टाळून आजही या राजवंशावर लिहिता येत नाही. त्याच सुमारास, १९५३ पासून, मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी प्रारंभी सागर विद्यापीठाच्या वतीने सिरपूरला उत्खनन केले. मातीखालून बौद्ध विहार निघाले. त्यांतील एकाला आनंदप्रभू हे नाव मिळाले आणि महाशिवगुप्त बालार्जुनाच्या राजवटीशी त्याचा धागा जुळला, तो तिथे सापडलेला लेख वाचता आला म्हणून. कुदळीने भिंती दिल्या, पण त्या कोणाच्या हे अक्षरांनी सांगितले. सिरपूरला आज जो पर्यटक जातो, त्याच्या माहितीफलकामागे या विद्वत्तेचे ऋण आहे.

मराठा कालखंडाचे काम मात्र अर्धवट पडले आहे. बिंबाजींनंतर भोसल्यांनी सुभेदारांमार्फत कारभार चालविला. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने जुन्या गढांची व्यवस्था मोडून परगणे पाडले आणि कमाविसदार नेमले. महसूल खात्यात काम केलेल्या अधिकाऱ्याला यातले महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. गावाचा गौंटिया आणि सरकार यांच्यातील नाते, वसुलीची पद्धत, जमिनीचे हक्क या साऱ्यांच्या मुळाशी हा कालखंड आहे. रतनपूरची रामटेकरी अजून उभी आहे आणि दसऱ्याला सोने देण्याची रीत बिंबाजींच्या काळात इथे आली, असे सांगितले जाते. पण दंतकथा आणि दप्तर यांत फरक आहे. या कारभाराचे दप्तर मराठीत आणि मोडी लिपीत होते. रायपूर-बिलासपूरच्या संशोधकाला मोडी येत नाही आणि मोडी जाणणाऱ्या मराठी अभ्यासकाला छत्तीसगढचे कुतूहल क्वचितच असते. परिणामी लूट आणि जुलूम किंवा मंदिरे आणि धर्मकार्य, अशा दोनच चित्रांत हा काळ अडकला. दोन्ही बाजूंच्या राजकारणाला ते सोयीचे आहे.

केंद्राकडून आशा होती ती राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने या संस्थेच्या कक्षेत कला व मानव्यविद्याही धरल्या होत्या. मणिपूरच्या गदारोळात गेलेल्या २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात ‘अनुसंधान’ हे नाव घेऊन विधेयक आले आणि ७ ऑगस्टला लोकसभेत, तर ९ ऑगस्टला राज्यसभेत मंजूरही झाले. त्यात मानव्यविद्येला जागा उरली ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी तिचा जिथे संबंध येतो तेवढीच. पाच वर्षांत ५० हजार कोटींचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि त्यातला मोठा वाटा उद्योगांकडून येईल असे गृहीत धरले गेले. अशा उद्योगांत पोलादही आले. धोरणातला शब्द कायद्यात येताना कसा आक्रसतो, याचा हा नमुना सभागृहात फारसा कोणी दाखवून दिला नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या गावांच्या छपरांवर काजळी बसते, त्यांना आधी स्वच्छ हवा, पाणी आणि दवाखाना हवा, मोडी वाचक नव्हे. कलम १३५ देखील स्थानिक परिसराला प्राधान्य द्यायला सांगते. ते योग्यच आहे. परंतु वारशावर खर्च करण्याची मुभा कायद्याने आधीच दिली आहे. तो खर्च महोत्सवाच्या मंडपावर व्हावा की टिकणाऱ्या ज्ञानावर, एवढाच वाद उरतो. दोन मोडी जाणकार आणि एक संपादक यांचा वर्षाचा खर्च एखाद्या महोत्सवाच्या रोषणाईपेक्षा जास्त होईल, असे मानायला आधार नाही.

संस्थांची उणीव नाही. रायपूरचे पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ पासून आहे, खैरागढचे कला-संगीत विद्यापीठ त्याहूनही जुने, आणि बिलासपूरचे गुरू घासीदास विद्यापीठ २००९ मध्ये केंद्रीय झाले. नागपूरचे विद्यापीठ तर शंभरी ओलांडून पुढे गेले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून अध्यासनांची चर्चा दिल्ली-मुंबईत रंगते. त्यांपैकी एखादे रायपूरकडे वळावे, ही मागणी तिथल्या मराठी मंडळींनी स्नेहसंमेलनाच्या ठरावापलीकडे नेलेली नाही. छत्तीसगढी भाषेलाही त्याचा लाभ आहे. तिच्यातले महसुली शब्द कुठून आले, हे याच दप्तरांत सापडण्याजोगे आहे.

राहिली अनुसूची. ‘तिचा अर्थ उदारपणे लावावा’ अशा आशयाचे कंपनी व्यवहार मंत्रालयाचे परिपत्रक जून २०१४ मध्येच निघाले होते. पाचव्या बाबीत विद्यापीठांतील वारसा-संशोधन मोडते, एवढा खुलासा त्याला जोडता येईल. नवव्या बाबीत मानव्यविद्या हा शब्द घालायचा झाला, तरी संसदेत विधेयक आणण्याची गरज नाही. कलम ४६७ अन्वये केंद्र सरकारची अधिसूचना पुरते. २०१९ आणि २०२० मध्ये ती अशीच निघाली होती.