अळवावरचं पाणी पसरतं तेव्हा

क्षणभंगुर गोष्टीला आपण 'अळवावरचं पाणी' म्हणतो. मला मात्र त्या थेंबाचा हट्ट आवडतो. पान हललं की तो घरंगळेल, पण पसरणार नाही. नॉनस्टिक तव्यावरही तेच. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, त्याला स्पर्शकोन म्हणतात. तो जितका मोठा, तितका थेंब गोल.

मित्रमैत्रिणींनो, हा हट्ट वीज मोडू शकते. फ्रेंच शास्त्रज्ञ गाब्रिएल लिपमन यांनी १८७५ साली दाखवलं, की बारीक नळीत पारा आणि आम्ल एकमेकांना टेकलेले असताना थोडं व्होल्टेज दिलं तरी पारा सरकतो. याच तत्त्वावरच्या उपकरणाने १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाचे विद्युत स्पंद नोंदवले. आजच्या ईसीजीची ती पणजीच!

पाण्याच्या थेंबाची अडचण वेगळी. तो थेट धातूवर ठेवून जास्त व्होल्टेज दिलं, तर पाण्याचंच हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होऊ लागतं. यावर ब्रूनो बेर्ज यांनी १९९३ साली सोपा तोडगा मांडला : थेंब आणि धातू यांच्यामध्ये विद्युतरोधकाचा पातळ थर ठेवायचा. मग विघटन टळतं. थराच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण प्रभार जमतो, आणि थेंबाची कड बाहेर ओढली जाऊन तो पसरतो. व्होल्टेज काढलं की थेंब पुन्हा गोळा होतो. गंमत म्हणजे, प्लस-मायनस उलटे जोडले तरी तो पसरतोच, आणि व्होल्टेज दुप्पट केलं की ही ओढ चौपट होते.

याच युक्तीने द्रव भिंगं बनली. बंद डबीत पाणी आणि तेल असतं. व्होल्टेज बदललं की त्यांच्यामधल्या सीमेचा बाक बदलतो आणि काहीही मागेपुढे न सरकवता फोकस जुळतो. छोट्या चिपवर थेंब इकडून तिकडे चालवून तपासण्याही करता येतात.

पण थेंबाने हट्ट पूर्ण सोडलेला नाही. एका मर्यादेनंतर व्होल्टेज कितीही वाढवलं तरी तो आणखी पसरत नाही. असं का, याची अनेक स्पष्टीकरणं आहेत, पण सर्वांना मान्य असं एकही नाही. भौतिकशास्त्र घेऊ की नको, अशा विचारात असाल तर हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. घरच्या प्लगवर मात्र प्रयोग करू नका!