कान बंद करून वाहन हाकणारे आणि कायदा

गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्याकडील रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. एका ट्रॅक्टरामागे दोन ट्रॉल्या, त्यांतून बाहेर लोंबणारा ऊस, आणि चालकाच्या दोन्ही कानांत इयरफोन, हे दृश्य आता कोणास नवे राहिलेले नाही. मागचे काही आरशात दिसत नाही, कारण मध्ये उसाचा डोंगर. तेव्हा मागून कोण येते हे कळण्यास कान एवढेच साधन उरते, आणि तेच हा गृहस्थ बंद करून बसतो.

उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात 26 एप्रिल 2018 रोजी शाळेची गाडी आगगाडीखाली सापडून 13 मुले दगावली. चालकाने इयरफोन घातले असल्याचे प्रथमदर्शनी दिसते, असे त्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले. रेल्वेच्या त्या ओलांडणीवर फाटकवाला नव्हता, हेही विसरता कामा नये.

आता कायदा पाहू. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 184 यात धोकादायक रीतीने वाहन चालविण्यास शिक्षा आहे. 2019 च्या दुरुस्तीने त्याच्या स्पष्टीकरणात ‘हातात धरावयाच्या’ संपर्कसाधनाचा वापर घातला गेला. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. ज्याने उभी नोकरी महसुली दप्तरात काढली, त्याची नजर येथे अडल्यावाचून राहत नाही. शब्द हाताचा आहे, कानाचा नाही. फोन खिशात व आवाज कानात, अशा इसमास या शब्दांत कसे धरावे? दक्ष चालकास न शोभणाऱ्या वर्तनाविषयी एक सर्वसाधारण पोटकलम आहे खरे; परंतु मग तो वाद प्रत्येक खटल्यात नव्याने घालावा लागेल. संदिग्ध शब्द किती वर्षे कज्जा चालवितो, हे फेरफाराच्या नोंदीवरून भांडलेल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. शिवाय ट्रॅक्टर हा या कायद्याने मोटार वाहन होय, सायकल नव्हे. म्हणजे सायकलस्वार या कलमाबाहेरच.

फ्रान्सने 1 जुलै 2015 पासून कानाचेच नाव घेतले. आवाज देणारे कोणतेही साधन वाहन चालविताना कानास लावण्यास तेथे मनाई आहे, मोटारवाल्यास तशी सायकलवाल्यासही. दंड 135 युरो. बहिऱ्यांची श्रवणयंत्रे मात्र स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. आपल्या कायद्यातही असाच शब्द यावा, असे आमचे मत आहे.

रात्रीच्या खेपांत गाण्यामुळे झोप येत नाही, असे चालक म्हणतात. ही अडचण खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय खेपा कमी करणे हा आहे.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. कारखाने तोडणी-वाहतुकीचे करार हंगामापूर्वी लिहून घेतात. चालकाने कानात इयरफोन घालू नये, घातल्यास त्या खेपेच्या भाड्यातून कपात व्हावी, अशी एक अट त्यात सहज घालता येईल. रस्त्यावर पाहणी शेतकी खात्याच्या माणसांनी करावी. जे वाचक कारखान्याचे सभासद आहेत त्यांनी ही सूचना वार्षिक सभेपूर्वी लेखी द्यावी व पोच घ्यावी. तोंडी सूचना इतिवृत्तात उतरत नाही.