अंगण आपले, बाजार कोणाचा?

निवृत्तीनंतर इतिहासावर लिहिणारे शिक्षक, गडकिल्ल्यांची माहिती जमवणारे तरुण, पारंपरिक पाककृती नोंदवून ठेवणाऱ्या गृहिणी, शेतीतले अनुभव मांडणारे पदवीधर... अशी कितीतरी मंडळी आज स्वतःच्या संकेतस्थळावर मराठीतून निष्ठेने लिहीत आहेत. वर्ष-दोन वर्षे पदरमोड करून झाली की घरातूनच प्रश्न येतो, ‘यातून काही मिळते का?’ या प्रश्नात गैर काहीच नाही. सरस्वतीच्या उपासकाने उपाशी राहावे, हा आपल्याकडचा जुना भाबडेपणा आहे आणि त्याने विद्येचे कधीही भले झालेले नाही. गैर आहे ते या प्रश्नाला मिळणारे उत्तर. ‘पानावर जाहिराती वाढवा, उत्पन्न आपोआप वाढेल’, असे सांगणारे सल्लागार आता गल्लोगल्ली झाले आहेत. हा सल्ला हिशेबाने चुकीचा आहे आणि वाचकाचा विश्वासघात करणारा आहे.

लिलावाचे गणित

संकेतस्थळावरील चौकटीच्या जाहिरातीचा इतिहास फार जुना नाही. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची जाहिरात झळकली आणि या धंद्याला तोंड फुटले. ती पाहणाऱ्या शंभरांपैकी ४४ जणांनी त्या चौकटीवर क्लिक केले, असे सांगितले जाते. आज शंभरांतला एक जरी वळला तरी पुष्कळ झाले. कारण उघड आहे. ज्या चौकटीतून काही मिळत नाही, तिच्याकडे पाहायचेच नाही, हे वाचकाचा डोळा शिकला. चौकटी जितक्या वाढल्या, तितका तो अधिक शिकला.

आता पैसा येतो कसा, ते पाहू. २००३ मध्ये गुगलने ‘ॲडसेन्स’ ही योजना आणली. २०१८ पासून ती मराठी पानांसाठीही खुली झाली. वाचकाने पान उघडले की निमिषार्धात त्यावरील रिकाम्या जागेचा लिलाव होतो. बोली लावणारा मुख्यतः तीन गोष्टी जोखतो : वाचक कोण आणि कोठला, लेखाचा विषय काय आणि ही जागा वाचकाच्या नजरेस खरोखर पडते काय. तिसरी गोष्ट नवख्याच्या ध्यानात येत नाही. जाहिरातीचा निम्मा भाग किमान एक सेकंद पडद्यावर राहिला, तरच ती ‘दिसली’ असे या व्यवसायात मानतात. लेखाच्या तळाशी एकाखाली एक रचलेल्या चौकटी बहुतेक वाचकांना दिसतच नाहीत. मग त्या संकेतस्थळाची पत घसरते आणि वरच्या चांगल्या जागेलाही बोली कमी येते. दहा चौकटी लावून दसपट उत्पन्न मिळेल, असे मानणारा माणूस आपल्याच मालाचा भाव पाडत असतो.

दुसरा लोभ क्लिकचा. ‘येता-जाता एकदा जाहिरात दाबत जा’, असे आप्तेष्टांना सांगणारे सज्जन आपल्या सर्वांच्या परिचयात आहेत. त्यांना यात पाप वाटत नाही. पण जाहिरातदाराच्या खिशातून खोट्या क्लिकचे पैसे काढणे ही फसवणूकच आहे. ती पकडली जाते, खाते बंद होते आणि साठलेली रक्कम बुडते. शिवाय २०२४ पासून ॲडसेन्सचा मोबदला क्लिकवर नव्हे, तर जाहिरात दाखवली गेल्यावर मिळू लागला आहे. म्हणजे ही लबाडी आता निरर्थकही ठरली आहे.

नवख्याने काय करावे?

टीका पुष्कळ झाली. आता विधायक बोलू. लेखाच्या पहिल्या एक-दोन परिच्छेदांनंतर एक चौकट, दीर्घ लेखाच्या मध्यावर दुसरी आणि शेवटी एक, एवढ्यावर आरंभ करावा. ३०० बाय २५० ही मध्यम आकाराची चौकट संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर दोन्हीकडे बसते आणि तिला मागणीही चांगली असते. चौकटीची जागा आधीच राखून ठेवावी, म्हणजे जाहिरात उशिरा आली तरी वाचता वाचता मजकूर खाली ढकलला जात नाही. खालच्या जाहिराती वाचक तेथवर पोहोचेल तेव्हाच उतराव्यात, अशी योजना करावी. पान जड झाले की खेड्यातला वाचक ते उघडण्याआधीच परत फिरतो. परत फिरलेल्या वाचकाला कोणती जाहिरात दाखवणार?

भ्रमणध्वनीवर मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून अधिक जागा जाहिरातींनी व्यापणे हे जाहिरात-व्यवसायाच्या स्वतःच्याच मानकांत दोष मानले आहे. १५ फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ब्राउझर ही मानके वारंवार मोडणाऱ्या संकेतस्थळांवरील जाहिराती रोखतो. बाजारालाही जी मर्यादा कळली, ती आपल्याला कळू नये?

याहून महत्त्वाचे म्हणजे निवड. ॲडसेन्समध्ये नको असलेल्या वर्गातील जाहिराती रोखण्याची सोय आहे. किती जण ती वापरतात? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा तर १९५४ चा आहे. परंतु कायदा येण्याची वाट कशाला पाहायची? ज्या पानावर आपण मुलांसाठी संतचरित्र लिहितो, त्याच पानावर आठ दिवसांत वजन उतरवणारी पूड विकली जात असेल, तर ‘ती जाहिरात मी लावलेली नाही’ ही सबब चालणार नाही. अंगण आपले आहे. तेथे कोणी पथारी पसरायची, हे आपणच ठरवले पाहिजे.

मध्यस्थाची मिरास

एवढे सारे केल्यावरही पदरात काय पडते? गुगलने स्वतःच जाहीर केलेल्या हिशेबानुसार, तिच्याच यंत्रणेतून जाहिरात आली तर जाहिरातदाराच्या १०० रुपयांतील साधारण ६८ रुपये संकेतस्थळाच्या मालकाला मिळतात. रक्कम १०० डॉलर झाल्याखेरीज हाती येत नाही आणि तेवढे जमायला लहान मराठी संकेतस्थळांना कित्येक महिने लागतात.

वाटा किती, हा प्रश्न दुय्यम आहे. तो ठरवतो कोण, हा खरा प्रश्न. गुगलने ३.१ अब्ज डॉलर मोजून ‘डबलक्लिक’ ही कंपनी घेतली. २००७ मध्ये जाहीर झालेला हा व्यवहार २००८ मध्ये पूर्ण झाला. तेव्हापासून विकणाऱ्याचा अडत्या, घेणाऱ्याचा अडत्या आणि लिलावाचे आवार या तिन्ही ठिकाणी एकच कंपनी बळकट होत गेली. आपल्या शेतकऱ्याला बाजार समितीतील अडत्यांचा अनुभव आहे. त्याला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या संघीय न्यायालयाने गुगलने यातील दोन बाजारांत बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युरोपीय आयोगाने २.९५ अब्ज युरोंचा दंड ठोठावला. गुगलला हे मान्य नाही. ते भांडण त्यांचे त्यांनी लढावे. त्याचा निकाल लागेपर्यंत मराठी लेखकाने हात जोडून बसावे काय?

उत्तर आपल्याच पेठेत

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले आणि १८४० पर्यंत चालवले. तेव्हापासून मराठी नियतकालिकांचा इतिहास हा लोकाश्रयाचा इतिहास आहे. आज चुकते आहे ते नेमके येथेच. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. यांच्याशी व्यापार करणारा आपला व्यापारी मात्र जाहिरात इंग्रजीत करतो. मराठी पानावर बोली लावायला तो फिरकतच नाही आणि मग मराठी पानाला भाव मिळत नाही, म्हणून हळहळायला मात्र आपण सारे पुढे असतो.

तेव्हा नवख्या संकेतस्थळचालकाने एक चौकट लिलावाला न देता स्वतः विकावी. गडकिल्ल्यांच्या पानावर गिर्यारोहणाचे साहित्य विकणारा, पाककृतींच्या पानावर मसाल्याचा गृहउद्योग, शेतीच्या पानावर रोपवाटिका... असे ग्राहक आपल्याच तालुक्यात असतात. महिन्याला किती वाचक आले, कोणत्या गावांतून आले, याचा खरा तक्ता त्यांच्यापुढे ठेवावा, महिन्याचा दर ठरवावा आणि रीतसर पावती द्यावी. समजा, चार दुकानदारांनी महिना पाचशे रुपये दिले, तर दोन हजार झाले. त्यात अडत्या नाही आणि डॉलरची प्रतीक्षाही नाही. ती चौकट ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहून छापावी. लेखाच्या वेषात जाहिरात खपवू नये.

हे काम एकट्या लेखकाचे नाही. या ओळी वाचणाऱ्यांत दुकानदार आहेत, कारखानदार आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत. मराठीच्या भवितव्यावरील व्याख्यानाला आपण आवर्जून जातो, टाळ्याही वाजवतो. या महिन्यात त्याहून थोडे अधिक करावे. आपण नित्य वाचत असलेल्या एका मराठी संकेतस्थळाच्या चालकाला दूरध्वनी करावा आणि विचारावे, ‘आपल्याकडे जाहिरातीचा दर काय?’