थरारपटाचे संकलन : एका सोयीच्या गैरसमजाविषयी

थरारपटाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात संकलनाच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते : 'संकलन वेगवान आहे.' कथानक, अभिनय, पार्श्वसंगीत यांचा परामर्श घेऊन झाला की, आभारप्रदर्शनाच्या सुरात हे वाक्य उच्चारले जाते. त्यामागे दोन गृहीतके दडलेली आहेत. ताण कथानकात आधीच सिद्ध असतो आणि संकलक तो केवळ आवळतो, हे पहिले. आवळणे म्हणजे शॉट आखूड करणे, हे दुसरे. दोन्ही चुकीची आहेत. घाट आणि आशय यांच्या संबंधावर मर्ढेकरांपासून वाद घालत आलेल्या समीक्षेने चित्रपटाच्या बाबतीत मात्र ती बिनतक्रार बाळगावीत, हे विशेष खेदाचे आहे. अरुण खोपकर यांच्या गुरू दत्तवरील पुस्तकासारखे (१९८५) अपवाद आहेत; पण त्या वाटेने फार थोडे गेले.

वेगाचा मुद्दा आधी. हिचकॉकच्या 'सायको'मधील (१९६०) स्नानगृहातील हत्येचा दाखला येथे हमखास दिला जातो. कॅमेऱ्याच्या ७८ मांडण्या आणि ५२ कट ही आकडेवारी इतकी प्रसिद्ध आहे की, २०१७ मधील एका अनुबोधपटाचे शीर्षकच '७८/५२' असे आहे. परंतु सुरा चालू लागतो तेव्हा ताण संपलेला असतो. उरतो तो आघात. ताण असतो तो त्याआधी, न्हाणीच्या पडद्यापलीकडून एक आकृती सावकाश जवळ येत असताना. आणि नेमका तेवढा वेळ हिचकॉक आणि संकलक जॉर्ज टोमासिनी शॉट तोडत नाहीत. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'चा (१९५८) आरंभ तर तीन मिनिटांहून अधिक काळ अखंड चालतो. मोटारीत ठेवलेला बॉम्ब प्रेक्षकाने पाहिलेला आहे, मोटार सरहद्दीकडे निघाली आहे, आणि कट येत नाही. कुठे तोडायचे नाही, हाही संकलनाच्याच विचाराचा भाग आहे.

'सायको'मध्येच हत्येनंतर नॉर्मन प्रेतासह मोटार दलदलीत ढकलतो. मोटार बुडू लागते, आणि मध्येच थांबते. कट नॉर्मनच्या चेहऱ्यावर. तो धास्तावून इकडेतिकडे पाहतो. पुन्हा मोटार. या दोन-तीन शॉटांच्या अवधीत प्रेक्षक मनोमन ती बुडावी अशी इच्छा करतो, म्हणजे काही वेळापूर्वी ज्या स्त्रीची बाजू त्याने धरली होती तिच्याच हत्येचा पुरावा नाहीसा व्हावा असे त्याला वाटते. कथानकाच्या सारांशात ही इच्छा कुठेही सापडणार नाही. तीन शॉटांच्या क्रमातून ती निर्माण झाली आहे. याला 'तांत्रिक अंग' म्हणायचे असेल, तर आशय कशाला म्हणायचे?

साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळचे उदाहरण 'सॅबोटाज'चे (१९३६). कॉनरॅडच्या 'द सीक्रेट एजंट' (१९०७) या कादंबरीवर तो आधारित आहे. कादंबरीत स्टीव्हीचा मृत्यू घडताना दिसत नाही. ग्रिनिचजवळ स्फोट झाल्याचे कळते, मृताविषयी अंदाज बांधले जातात, आणि बहिणीने कोटात शिवलेल्या पत्त्याच्या तुकड्यावरून सत्य उलगडते. वाचक मागाहून, तुकडे जुळवत, उपरोधाच्या अंतरावरून त्या मृत्यूपर्यंत पोचतो. हिचकॉक हा क्रम उलटा करतो. पाऊण वाजून एक वाजला की नव्हे, तर पावणेदोनला स्फोट होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे. पार्सल नेणाऱ्या मुलाला ठाऊक नाही. रस्त्यावरचा विक्रेता त्याला अडवतो, मिरवणूक अडवते, मग बस रहदारीत अडकते. घड्याळ, पार्सल, मुलगा, पुन्हा घड्याळ. सुटा काढून पाहिला तर यांतील एकाही शॉटमध्ये काही 'घडत' नाही. मिरवणूक पाहणारा मुलगा एरवी केवळ आनंदाचे चित्र ठरला असता. घड्याळाच्या शेजारी ठेवताच ते असह्य होते.

म्हणूनच 'कथा तीच, माध्यम वेगळे' हे रूपांतराविषयीचे लाडके सूत्र येथे कोसळते. कॉनरॅडचा वाचक शोध घेतो, हिचकॉकचा प्रेक्षक असहायपणे वाट पाहतो. ज्ञानाचे वाटप बदलले की कथाही बदलते. मुलाला मरू दिले ही चूक झाली, असे हिचकॉकने पुढे त्रुफोला सांगितले. हे विधान धंदेवाईक सावधगिरी म्हणून उद्धृत केले जाते. त्यात त्याहून अधिक काही आहे : इतका वेळ ताणून धरल्यावर प्रेक्षकाला सुटकेचे आश्वासन दिले गेले होते, आणि ते कोणत्याही पात्राने नव्हे, शॉटांच्या क्रमाने दिले होते.

असे आश्वासन मोडूनही चित्रपट अर्थ निर्माण करू शकतो. दोन ठिकाणच्या घटना आलटूनपालटून दाखवण्याची पद्धत ग्रिफिथने 'द लोनली व्हिला'मध्ये (१९०९) वापरली. तेव्हापासून असे दोन धागे अखेर एका जागी मिळणार, हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडले. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज'मध्ये (१९९१) दिग्दर्शक जोनाथन डेमी आणि संकलक क्रेग मकाय याच सवयीचा फायदा घेतात. एफबीआयची तुकडी घराला वेढा घालते; फुले घेऊन आलेला माणूस घंटी दाबतो. कट. तळघरात घंटी वाजते. खुनी दार उघडतो, आणि दारात एकटी क्लॅरिस उभी असते. तुकडी भलत्याच गावी, रिकाम्या घरात शिरते आहे.

ही फसवणूक आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण खोटे कोण बोलले? दोन्ही शॉट खरे आहेत. दोन्ही घंट्या खरोखरच वाजल्या आहेत. खोटा आहे तो त्यांमधला संबंध, आणि तो प्रेक्षकाने स्वतः जोडला. कथनमीमांसेतील 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा येथे लावण्याचा मोह होतो. पण या ठिकाणी बोलणारा निवेदकच नाही, तेव्हा ती पुरत नाही. चित्रपटाची संहिता वाचू पाहणाऱ्याने या दोन घंट्यांमधल्या कटपासून सुरुवात करावी. 'संकलन वेगवान आहे' हे वाक्य त्या जागी काहीच सांगत नाही. तो कट वेगवानही नाही.