घरकुल मंजूर, पण उभं करायचं कुठं?

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरकुलाची यादी लागली की आपल्या वाड्यांवर दोन दिवस आनंद असतो. तिसऱ्या दिवशी निरोप येतो, "जागेचा कागद आणा." तिथंच घोडं पेंड खातं. ज्यांच्याकडं कागद नाही त्यांचं नाव यादीत तसंच राहतं, आणि पावसाळा पुन्हा त्याच कुडात, त्याच गळक्या पत्र्याखाली निघतो.

कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव या तालुक्यांत डोंगराच्या पोटाशी, ओढ्याकाठी आपल्या आंध समाजाच्या वस्त्या आहेत. निजामाचं राज्य 1948 साली गेलं. 1999 साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. कळमनुरीला आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आलं. पण आपल्या चुलीखालची जमीन कोणाची, हे काही ठरलं नाही. कुठं ती वनखात्याची निघते, कुठं गायरान, कुठं दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. (गायरानाचा विषय वेगळा आहे, त्यावर पुढच्या अंकात लिहू.)

सरकार घर बांधायला पैसे देतं, जमीन देत नाही. प्रधानमंत्री आवास असो की शबरी घरकुल, मूळ रक्कम 1,20,000 रुपये. वर रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी आणि संडासाचे 12,000. घर किमान 269 चौरस फुटांचं. डोंगरातल्या वस्तीवर वाळू-सिमेंट न्यायचं भाडं त्यातच बसवायचं. तेही आपण कसंबसं बसवतो, अंगमेहनत करतो. पण जागाच नाही तर पाया कुठं खणायचा?

त्यावर उत्तर मिळतं, जागा विकत घ्या. त्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. आधी 50,000 रुपये मिळायचे, आता 1,00,000 पर्यंत मिळतात, 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेला. एका गुंठ्यात 1089 चौरस फूट येतात. म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही. त्यात घर होईल, शेळी-कोंबडी कुठं बांधायची, सरपण कुठं रचायचं, हे योजना लिहिणाऱ्याच्या डोक्यात नसावं. आणि रस्त्याकडेच्या जागेचा भाव काय चाललाय, ते आम्ही सांगायला नको.

मग पुढं येतो गुंठे पाडून विकणारा. "बाँडवर लिहून देतो, काळजी करू नका" असं म्हणतो. ऊसतोडीची उचल, बाईच्या गळ्यातलं डोरलं, सगळं त्या बाँडात जातं. बांधवांनो, बाँड पेपरवर नोटरी केली म्हणून जमीन आपली होत नाही. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे, शेतजमिनीचा लहान तुकडा परवानगीशिवाय आपल्या नावावर चढत नाही. सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहतं, आणि तीच जागा उद्या तो दुसऱ्यालाही लिहून देऊ शकतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाव लागलं तरी ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीची नाही. 2024 च्या नियमाने ग्रामीण घरकुलवाल्याला 1000 चौरस फुटांपर्यंतची जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने घेता येते. घ्यायचीच असेल तर त्या वाटेनं घ्या आणि नोंदणीकृत खरेदीखतच करा.

आपलीच तरुण पोरं म्हणतात, दाव्याची वाट किती वर्षं बघायची? लेकरांना शाळा जवळ पाहिजे, बाळंतिणीला दवाखाना जवळ पाहिजे. त्यांचं खोटं नाही. ज्याला रस्त्यालगत उतरायचं त्यानं उतरावं. पण जे पिढ्यान् पिढ्या जिथं राहतात त्यांनी तीच जागा विकत का घ्यावी, हा आमचा प्रश्न आहे.

2006 च्या वनहक्क कायद्यात आपण फक्त शेताचेच दावे भरले. कायद्यात मात्र शेती आणि राहणं, दोन्हीसाठी हक्क लिहिलेला आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमिनीवर घर असेल तर ते दाव्यात यायलाच पाहिजे. आणि पुरावा काय? उभं घर, झोपडी, खणलेली विहीर हाच पुरावा. नियमात तसं लिहिलंय. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. "वनपट्ट्यावर घरकुल बसत नाही" असं एका कार्यालयात आम्हाला तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हटलं तर साहेब उठून गेले. नियम 16 म्हणतो की हक्क मिळालेल्यांना मूलभूत सुविधांसह सरकारच्या सगळ्या योजना द्यायच्या. घर ही मूलभूत सुविधा नसेल तर मग कशाला म्हणायचं?

आणखी एक गोष्ट खुपते. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढली, आदिवासींना वस्तीलगतच्या वनजमिनीवर घर बांधता यावं म्हणून. चांगलं केलं. पण ती फक्त अनुसूचित क्षेत्राला लागू आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवटच्या गावांना मिळते, हिंगोलीला नाही, कारण आपला जिल्हा त्या क्षेत्रात धरलेलाच नाही. पेसाही आपल्याला नाही. डोंगर तोच, दारिद्र्य तेच. सूचीबाहेरच्या आदिवासीलाही घराच्या जागेचा हा हक्क द्या, ही मागणी आपण जोरात लावली पाहिजे. तोवर महसुली जमिनीवरच्या वस्त्यांना जमीन महसूल संहितेच्या कलम 122 प्रमाणे गावठाण ठरवून द्यायला जिल्हाधिकाऱ्यांना कोणी अडवलेलं नाही.

पट्टा मिळालेल्यांनी हे ध्यानात ठेवा: तो वारसाला जातो, विकता येत नाही. नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो. कोणी त्यातला तुकडा मागायला आला तर बाईला विचारल्याशिवाय अंगठा उठवू नका, आणि विचारून तर मुळीच उठवू नका, कारण ती नाहीच म्हणणार.

येत्या ग्रामसभेच्या आधी प्रत्येक वस्तीनं आपापल्या घरांची यादी करावी. घर कोणाचं, कधीपासून, चारी बाजूंना काय आहे, जमीन वनखात्याची की महसुलाची. वनहक्क समितीच्या बायांनी घरोघर फिरून मोजावं. परसातला गोठा, उकिरडा, मोहाचं झाड कुठवर आपलं आहे ते त्यांनाच नीट ठाऊक असतं. ठरावाची एक प्रत वस्तीवर ठेवा, दुसरी कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.