सगळं धरून

मैत्रिणींनो, ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ला मराठीत काय म्हणाल? आमच्या सावेडीतल्या भिशीत गेल्या महिन्यात हा प्रश्न निघाला, आणि त्याला निमित्त मीच होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं आम्हा दोघांना चार रात्री मालदीवला पाठवलं. बुकिंगच्या कागदावर ते दोन शब्द ठळक छापलेले होते. एकीनं ‘सर्वसमावेशक’ असं सुचवलं, तर सगळ्या हसल्या. ते एखाद्या सरकारी धोरणाचं नाव वाटतं! शेवटी डबे करून देणारी आमची मैत्रीण म्हणाली, “अगं, त्यात काय एवढं? ‘सगळं धरून’! मंगल कार्यालयवाला सांगतो नाही का, ताट, मांडव, आचारी, सगळं धरून इतके.” अगदी चपखल.

तर हे सगळं धरून असलेलं बेट. एका बेटावर एकच रिसॉर्ट. सकाळचा नाश्ता, दुपारचं, रात्रीचं जेवण, मधला चहा-सरबत, खोलीची सफाई, होडीनं नेणं-आणणं, सगळ्याचे पैसे आधीच भरलेले. मनगटाला एक पट्टी बांधतात, की झालं. मुंबईहून विमानानं जेमतेम तीन तास. नगरहून माळशेज घाटानं मुंबई गाठायला आम्हाला त्याहून जास्त वेळ लागला. (जाणाऱ्यांसाठी एक सूचना : पूजेच्या मूर्ती त्या देशात नेता येत नाहीत. पर्समधला माझा बाळकृष्ण घरीच राहिला.)

निघण्याआधी जो तो एकच विचारत होता, “तिथे बघायला काय आहे?” आपल्या मराठी सहलीला पॉइंट लागतात. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. संध्याकाळपर्यंत चार देवळं, दोन धबधबे आणि एक साडीचं दुकान झालं नाही तर पैसे वाया. तिथे बघायला समुद्र आहे आणि दुसरं काहीही नाही. पाणी इतकं निळं की फोटो खोटे वाटतात. पण खरं सांगू? समुद्र दुसऱ्या दिवशी सवयीचा झाला. सवयीची झाली नाही ती एक वेगळीच गोष्ट.

पहिल्या संध्याकाळी टेबलापाशी एक मुलगा आला आणि त्यानं मला विचारलं, “मॅडम, तुम्ही काय घ्याल?” मी सवयीनं यांच्याकडे बघितलं, यांना काय हवं ते विचारलं, मग ‘मला काहीही चालेल’ म्हणून मोकळी झाले. तो बिचारा उभाच. ‘काहीही’ नावाचा पदार्थ त्याच्या यादीत नव्हता! मला काय हवंय हे मला खरोखर आठवेना. पंचवीस वर्षं ‘आज काय करू?’ हा प्रश्न मी विचारत आलेय, ‘आज काय खाऊ?’ हा नव्हे.

ही ‘सगळं धरून’ची कल्पना मोठ्या प्रमाणात रुजवली ती ‘क्लब मेड’नं. १९५० साली जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन माणसानं स्पेनच्या मायोर्का बेटावर, अल्कुदिया इथे, तंबू ठोकून ती सुट्टीची वसाहत सुरू केली. महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती, लोक रेशन आणि काटकसरीला विटलेले होते. सुट्टीत पाकिटाची आठवण राहू नये, हे त्यातलं मर्म. पुढे तर तिथे वरखर्चाला नोटांऐवजी गळ्यातले मणी चालायचे. युक्ती छानच. पण पाकीट विसरण्याचं सुख ज्याच्या खिशात पाकीट असतं त्याला. आपल्याला विसरायचं असतं ते डोकं. दूध किती घ्यायचं, सिलिंडर कधी लावला, कणीक उरलीय का, गवार निवडायची राहिलीय, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्यात... हे जे चोवीस तास आत चालू असतं ना, ते तिथे तिसऱ्या दिवशी दुपारी थांबलं. मला आधी वाटलं, कानाला काहीतरी झालंय.

बाईला असं ‘सगळं धरून’ आपल्याकडे पूर्वी एकाच ठिकाणी मिळायचं, ते म्हणजे माहेरी. उठायची घाई नाही, ताटावर आयतं बसायचं, आईनं डोक्याला तेल लावायचं. त्यावर किती ओव्या, किती गाणी! पण त्या माहेरपणात पोळ्या कोण लाटत होतं? आई, नाहीतर वहिनी. एका बाईचा विसावा दुसऱ्या बाईच्या कमरेवर. आणि आता तेही माहेर आटलंय. आई थकलेली, वहिनी नोकरीवाली. मी दिवाळीत दोन दिवस जाते तेव्हा पदर खोचून आधी आईचं स्वयंपाकघर आवरते. मग बाईनं आयतं बसायचं कुठे? परदेशातल्या बेटावर, पैसे मोजून. ज्यांना परवडतं त्यांनी. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बाया दिवसभर फडात मोळ्या उचलून रात्री कोपीवर येऊन पुन्हा भाकरी थापतात. त्यांच्यापुढे हा विषय काढायची माझी छाती होणार नाही.

केंद्र सरकार लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी करतं. २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, २०२४ मध्ये ती २८९ झाली. दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचा आकडा ९७ वरून ८८ वर आलेला! आणि हे पुरुष म्हणजे त्या दिवशी घरकामाला हात लावलेले पुरुष बरं का, सरसकट सगळे नव्हेत. शिवाय भांडी घासली, केर काढला हे मिनिटांत मोजता येतं. ‘उद्या डब्याला काय?’ हे रात्री पाठ टेकल्यावर चाललेलं, ते कुठल्या रकान्यात बसणार?

आता माझीच एक लबाडी सांगते. या चार रात्रींच्या विश्रांतीसाठी मी आधी तीन दिवस राबले. घरी सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. म्हणून चितळे रोडवरून पिशव्या भरभरून भाजी आणली, निवडली, चिरली. आमट्या केल्या, पराठे अर्धवट भाजून ठेवले, वाटणं केली. फ्रीजमध्ये नऊ डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी : ‘मंगळवार सकाळ’, ‘मंगळवार रात्र’. दारावर यादी. कामवालीला सूचना, दूधवाल्याला सूचना, शेजारच्या काकूंना ‘जरा लक्ष असू द्या’. यांनी काय केलं? बॅग भरली. स्वतःची. आणि परत आल्यावर धुण्याचा ढीग होताच, त्यात समुद्राची वाळू. तुम्हीही असंच करता ना? मला माहीत आहे. आपण जाताना घर सोडून जात नाही, घराचं पार्सल करून ठेवून जातो. आणि वर कुणी म्हणायला नको, ‘बाई मजा मारायला गेली नि घरी पोरगं उपाशी.’

माझं म्हणणं एवढंच आहे की हे पार्सल करणं थांबवायला हवं. वीस वर्षांचा मुलगा उपाशी मरत नाही. त्याला आपण उपाशी मरण्याइतका बावळट ठेवलेलं असतं, ही आपली चूक. लेकीला बारा वर्षांची असताना कुकर लावायला शिकवणारी मीच, आणि मुलाला ‘तू अभ्यास कर’ म्हणणारीही मीच. बेटावर आरामखुर्चीत पडल्या पडल्या मी हा विचार करत होते, आणि शेजारी हे निवांत घोरत होते.

बुफेबद्दल न लिहिलेलं बरं, पण राहवत नाही. ‘पैसे भरलेत ना’ म्हणून ताटं अशी भरली जात होती की पाहवत नव्हतं. आपली माणसंही त्यात होती, मीही पहिल्या दिवशी होते. चार प्रकारची गोडं घेतली नि दोन टाकली. मासे सोडले तर त्या देशात बहुतेक सगळं बाहेरून येतं, तांदूळ, अंडी, बटाटे, कांदासुद्धा. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा नेप्ती आणि घोडेगावच्या बाजारात शेतकरी कसा हवालदिल होता ते आपण जवळून पाहिलंय. त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये सरकारनं मालदीवला ठरावीक कांदा पाठवायला खास परवानगी दिली. सॅलडच्या ताटातल्या त्या कांद्याच्या चकत्या बघून मला उगाच वाटलं, आपल्याकडचाच असेल.

आणि हे सगळं उचलणारे, धुणारे, पुसणारे? बांगलादेशचे, श्रीलंकेचे, आपल्या केरळचे तरुण. खोली आवरणारा मुलगा बांगलादेशचा होता. चादर अशी घालायचा की सुरकुती नाही. “घरी आईला मदत करतोस का रे?” असं मोडक्या हिंदीत विचारलं, तर लाजून हसला. घरी नाही करत म्हणे, हे काम तो नोकरीत शिकला. म्हणजे पगार मिळाला की येतं! स्थानिक बायका मात्र मला तिथे दिसल्याच नाहीत. रिसॉर्टच्या बेटावर घर सोडून राहावं लागतं, आणि तिथल्या समाजात बाईनं तसं राहणं बरं दिसत नाही, असं एकानं सांगितलं. ऐकून परकं वाटलं नाही.

परत आल्यावर सासूबाईंनी मला समोर बसवून सगळं विचारून घेतलं. त्या पाथर्डी तालुक्यातल्या. समुद्र कसा होता हे त्यांनी विचारलंच नाही. पहिला प्रश्न, “पाणी कुठलं पित्यात गं तिथं?”

मी सांगितलं, समुद्राचं खारं पाणी यंत्रानं गोडं करतात, तेच प्यायला, तेच आंघोळीला. खोलीत पाहिजे तेवढं येतं. “आन् यंतर बंद पडलं म्हंजे?” मला त्यांचं कौतुक वाटलं. तसं घडलेलंच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेतल्या अशाच कारखान्याला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारतानं विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना पाणी पोचवलं. पुढे दीडेक वर्षात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची वेळ आपल्यावर आली. टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावलेली बाई असा प्रश्न पहिला विचारणारच. मी मात्र चार दिवस सकाळ-संध्याकाळ शॉवरखाली उभी राहिले आणि मला तो सुचला नाही.

मग मी त्यांना म्हटलं, “आई, तिथलं पहिलं रिसॉर्ट बाहत्तर साली सुरू झालं म्हणे.”

“बाहत्तरला व्हय?” त्या थोडा वेळ गप्प. “बाहत्तरला आमी खडी फोडीत व्हतो.”

दुष्काळी कामावर, वीस वर्षांच्या होत्या. मिलोची लाल भाकरी, पोरांना सुकडी, हाताला घट्टे. हे मी आधीही ऐकलंय, पण एकाच सालात त्या दोन्ही गोष्टी बसवून कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी उभ्या आयुष्यात किती दिवस आयतं खाल्लं असेल? माझ्या हातचं खातात, पण ताट आलं तरी आधी ‘तुझं झालं का?’ विचारतात.

मग मी उठले आणि फ्रीज उघडला. नऊपैकी सहा डबे जसेच्या तसे! ‘मंगळवार रात्र’, ‘बुधवार सकाळ’, चिकटपट्ट्यांसकट. माझ्या पोटात कालवलं. “आई, जेवलात काय मग तुम्ही?”

“तू भरून ठिवलं म्हून शिळं खायाचं व्हय?” म्हणाल्या. “त्याला हुबं केलं वट्ट्यापाशी. मी खुडचीवर बसून सांगत गेले, त्यो करत गेला.”

पहिल्या दिवशी पिठल्यात गुठळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी हुलग्याची शेंगोळी, ती जमली. भाकरीचा मात्र नकाशा होतोय अजून. मुलगा हे सगळं मोबाइलवर फोटो दाखवत सांगत होता, आणि मी त्या सहा डब्यांकडे बघत होते. तीन दिवसांची माझी कंबर त्यात होती.

रात्री सासूबाई जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, “त्या बेटावर म्हाताऱ्या माणसाला नेत्यात का गं?”

नेतात की! फक्त पासपोर्ट काढावा लागेल. त्यांच्या चौथीच्या दाखल्यावर त्यांच्या सगळ्या भावंडांसारखीच १ जून ही तारीख आहे. बघू या, पासपोर्ट कार्यालयाला चालते का ते.