गाडीतला संसार

हल्ली मोबाइलवर परदेशी जोडप्यांचे फोटो फिरतात. मोठी व्हॅन, आत पलंग, शेगडी, खिडकीत फुलांची कुंडी, मागे समुद्र. याला म्हणे 'व्हॅन लाइफ' म्हणतात. हौस आहे, पैसा आहे, राहोत बापडे. पण वाचकहो, गाडीत राहणे हा नाइलाज होतो तेव्हा ते जिणे कसे असते, हे पाहायचे तर मेरी एलन मार्क या अमेरिकन बाईंचे काम पाहावे.

बाई सावकाशीने काम करणाऱ्या. १९७८ साली मुंबईच्या फॉकलंड रोडवर त्यांनी काही महिने काढले. त्याआधी त्या तिथे कॅमेरा घेऊन गेल्या, तेव्हा अंगावर कचरा नि पाणी पडले होते. तरी रोज जात राहिल्या, तेव्हा कुठे तिथल्या बायकांनी त्यांना आत बसवून घेतले. वस्तीत येऊन दहा मिनिटांत फोटो काढून, पोरांना हसायला सांगून जाणारे पाहुणे आपण पुष्कळ पाहिलेत. त्यातला कोण परत आला?

१९८७ साली 'लाइफ' या मासिकासाठी बाई लॉस एंजेलिसमधल्या डॅम नावाच्या बेघर कुटुंबासोबत राहिल्या. त्यातला एक फोटो जगभर गाजला. जुनी मोटार, पुढे नवराबायको, मागच्या सीटवर बहीणभाऊ. चौघेही थेट आपल्याकडे बघतात. नजरेत लाचारी नाही, थकवा आहे. सीट हीच बैठकीची खोली आणि तेच अंथरूण. त्या वेळी शहराच्या रस्त्यावर गाडीत राहणे हा तिथे गुन्हा होता, तसा कायदा १९८३ सालचा. म्हणजे घर नाही म्हणून गाडी, आणि गाडी उभी केली की पोलिसांची भीती.

अशा गाजलेल्या फोटोवर बहुतेकांचे काम संपते. बाई १९९४ साली त्याच कुटुंबाकडे परत गेल्या. ते शहराबाहेर रहात होते, मुले दोनाची चार झाली होती आणि दारिद्र्य तसेच होते. मला हा दुसरा खेपा पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. पहिला फोटो पाहून माणूस हळहळतो आणि पान उलटतो. सात वर्षांनी तीच माणसे दिसली की विचारावे लागते, मधल्या काळात काय बदलले? सियाटलच्या रस्त्यावर १९८३ साली भेटलेल्या एका मुलीचे फोटो तर बाईंनी तीस वर्षे काढले, ती स्वतः आई होईपर्यंत आणि पुढेही. २०१५ साली बाई वारल्या.

फोटोने भाडे भरले जात नाही, हे खरे. लॉस एंजेलिसचा तो कायदा २०१४ साली कोर्टाने रद्द ठरवला. मागच्या सीटवरची ती पोरे तोवर तिशीच्या पुढे गेली होती.